मागे बसणाऱ्याची जागा

१२ फेब्रुवारी १९९५

"सांबण्णा, तुम्ही माणसांसाठी पण काही करतां, की नुसत्या पंपांसाठीच?"

पंपाचा नट काढत होतो. मान वर केली तर दारात लक्ष्मीप्रिया, दोन्ही काखांत कुबड्या, घामाने डबडबलेली. आमच्याच गल्लीतल्या बाळकृष्णरावांची मुलगी. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेले. बाळकृष्णराव वारले, आता आई आणि ती. तिचं घर ते माझी पट्टरै, म्हणजे हे वर्कशॉप, एवढं अंतरही तिला चढणीसारखं पडतं. स्टूल पुसून दिलं.

तिला सरकारी शाळेत नेमणूक मिळाली आहे. चौतिसाव्या वर्षी पहिलीच पक्की नोकरी. पण गाव पापनाशमच्या अलीकडचं, बस मुख्य रस्त्याला सोडते आणि तिथून शाळा कालव्याच्या काठाने पार आत. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा हजर झाली नाही तर नेमणूक रद्द. मग बंगळूरला भावाकडे जाऊन त्याची मुलं सांभाळायची, असं घरात ठरून गेलंय.

तिरुच्चीहून तिने तीन महिन्यांपूर्वी स्कूटर घेतली, बाजूला दोन जादा चाकं जोडलेली. "ती वंडी मला पाडते," म्हणाली. "एक वेळ बघाल का?"

बघतो म्हटलं. डेपोत अठरा वर्षं बसगाड्या बघितल्या, एक स्कूटर काय जड आहे.

ही वही का लिहितो, तेही लिहून ठेवतो. आई गेल्यापासून घरात मराठी बोलायला कोणी नाही. गिऱ्हाइकं, वेल्डर रामस्वामी, मेसमधला वाढपी, सगळ्यांशी तमिळ. अप्पांनी पुण्याहून मासिकं मागवून मला लिहायला शिकवलं, म्हणून कागदावर मी पुणेकर दिसतो. तोंड उघडलं तर तिकडचे हसतील; आमची बोली तीनशे वर्षांपूर्वी इकडे तमिळ मुलखात आलेल्यांची. गल्लीत देवनागरी वाचणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. वही उघडी टाकली तरी चालते.

२० फेब्रुवारी

त्या स्कूटरला वंडी म्हणणं हा वंडीचा अपमान आहे. लहान पोरांच्या सायकलला लावतात तशी दोन चाकं, जाड पट्टीने घट्ट ठोकलेली, ना स्प्रिंग ना काही. खड्डा आला की बाजूची चाकं खड्ड्याच्या कडांवर टेकतात आणि मधलं, इंजिनाने फिरणारं चाक हवेत लटकून नुसतंच गरगरतं. ब्रेकही त्याच चाकाला. म्हणजे जिथे पकड पाहिजे तिथेच नाही.

मी तिला सांगितलं, हे सुधारायचं नाही, काढून टाकायचं. मागे मधलं चाक नकोच. दोन चाकं, दोन बाजूंना. भंगारातल्या ऑटोरिक्षाचा मागचा भाग आणायचा, म्हणजे वळताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद फिरण्याची सोय आयतीच होते. प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांडा, स्वतंत्र स्प्रिंग. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याने आपल्या जागी राहायचं.

"आणि रुंद किती?" तिने विचारलं.

हा प्रश्न बरोबर होता. तीन चाकांची गाडी जितकी रुंद तितकी उलटायला कठीण. पण त्यांच्या दाराशी दोन्ही बाजूंना ओटे आहेत, आम्ही तिण्णै म्हणतो, आणि त्यांच्यामधून गाडी थेट आत अंगणात गेली पाहिजे. रस्त्यावर उतरून पायऱ्या चढणं तिला जमत नाही. दोरीने माप घेतलं. गाडीची रुंदी गाडीने नाही, तिण्णैने ठरवली.

दोरीचं दुसरं टोक तिने धरलं होतं. मापात चूक नव्हती.

९ मार्च

पहिल्यांदा चालवली. मीच.

स्प्रिंगा मोपेडच्या घेतल्या होत्या, मऊ. सरळ रस्त्यावर पालखीत बसल्यासारखं वाटलं. मग पट्टरैपुढचं वळण आलं. माझी पट्टरै गल्लीच्या ऐन कोपऱ्यात, वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहे; तिथे रस्ता काटकोनात मोडतो. दोन चाकांच्या गाडीवर आपण वळणाच्या आत झुकतो. ही झुकत नाही, उलट अंग बाहेर टाकते. मी घाबरून जुन्या सवयीने पाय खाली टेकला आणि माझ्याच गाडीचं मागचं चाक माझ्याच पायावरून गेलं.

अंगठा काळानिळा. लंगडत बातमी द्यायला गेलो. सगळं ऐकून ती इतकी हसली की आतून तिची आई बाहेर आली.

"आतां आपण दोघं सारखी," ती म्हणाली.

मला हसू आलं नाही, अंगठा ठणकत होता. पण धडा मिळाला. तिला शिकवायची पहिली गोष्ट, पाय फळीवरून हलवायचा नाही. ती म्हणाली, तेवढं मला न शिकवतां येतं.

२४ मार्च

स्प्रिंगा बदलल्या. त्याहून महत्त्वाचं, मागच्या दोन्ही दांड्यांना जोडणारी एक आडवी सळई बसवली. वळताना एक बाजू दबायला लागली की सळईला पीळ पडतो आणि ती दुसऱ्या बाजूलाही आपल्याबरोबर खाली ओढते. त्यामुळे गाडी कलत नाही. सळई फार जाड घेतली तर दोन्ही चाकं एकमेकांना जखडली जातात, एकाचा खड्डा दुसऱ्याला लागतो. फार बारीक घेतली तर असून नसल्यासारखी. मधली सापडायला आठवडा गेला.

मागे एक सीटही केली. तिने मागितली नव्हती. पण सीट नसलेली गाडी मालवाहू दिसते, आणि सुरुवातीचे काही महिने तिच्यामागे कोणीतरी जाणकार बसायला पाहिजेच. कोणीतरी म्हणजे अर्थात मी. दुसऱ्या कोणाला ही गाडी कळते? सीट इंजिनावर आली आहे, त्यामुळे थोडी उंच झाली. चालेल.

काल संध्याकाळी ती बघायला आली. सीटवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मागं बसणाऱ्यानं कोठें धरायचं?"

खरंच की. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. "उद्याच लोखंडी दांडी लावतो," मी म्हटलं. "हातभर, चांगली जाड."

"सरि," म्हणाली आणि लगेच निघाली. कॉफी मागवली होती, तिच्यासाठी थांबली नाही.

दांडी सकाळीच लावली. भक्कम झाली आहे. भाताचं पोतं सीटवर बरोबर मध्ये बांधून वळणावर दहा फेऱ्या मारल्या. चाक केसभरही उचललं नाही.

१ एप्रिल, युगादी

त्यांच्याकडे जेवायला बोलावलं होतं. कडुनिंबाची फुलं आणि गूळ, मग पंगत. राजलक्ष्मीबाईंच्या, म्हणजे लक्ष्मीप्रियाच्या आईच्या, हातचं डांगर माझ्या आईच्या डांगराच्या इतकं जवळ जातं की दुसऱ्यांदा मागायला लाज वाटली नाही.

जेवताना बाई म्हणाल्या, "सांबशिवा, तुझं वय काय रे आतां?"

"शेहेचाळीस संपलीं, मामी."

"प्रकृति बरी आहे ना?"

"उत्तम आहे. फक्त अंगठा." मग मी त्यांना सळईचं सगळं समजावून सांगितलं. केळीच्या पानावर भाताची रेघ ओढून दोन चाकं दाखवली. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. म्हाताऱ्या माणसांना चौकशा फार, पण ऐकून घेतात.

एक गोष्ट जरा खटकली. आज दिवसभरात लक्ष्मीप्रियाने मला एकदाही अण्णा म्हटलं नाही. "भात वाढूं का?" "पाणी पाहिजे?" असं बिननावाचं बोलणं. सबंध गल्ली मला थोरला भाऊ मानून सांबण्णा म्हणते, तीही कळायला लागल्यापासून म्हणते. मी काही चुकीचं बोललो की काय? गाडीला उशीर होतोय म्हणून रागावली असेल. पण रागावलेलं माणूस तीनदा भात वाढत नाही.

१८ एप्रिल

ती शिकली. मैदानावर सकाळी, उन्हं चढायच्या आधी. मी मागे, दोन्ही बाजूंना पाय टाकून, लोखंडी दांडी धरून. पहिले दोन दिवस हँडल नुसतं ओढायची. तीन चाकांवर हँडल खरंच फिरवावं लागतं, अंग टाकून भागत नाही. तिसऱ्या दिवशी एकदम जमलं. तिच्या हातांत माझ्यापेक्षा जास्त जोर आहे, सगळा जन्म कुबड्यांवर गेला.

आज तिने आठाच्या आकड्यात फेऱ्या मारल्या. वाऱ्याने वेणीतलं फूल उडून माझ्या शर्टावर पडलं. तिला सांगितलं नाही, चालवताना लक्ष विचलित होतं. थांबल्यावर ती मागे वळून म्हणाली, "रोज असंच जायचं शाळेला?"

"असंच," मी म्हटलं. "मी मागे असेनच. शाळा सुटेपर्यंत पापनाशमला पंपांची कामं बघेन. तिकडे पुष्कळ पंप आहेत."

"पुष्कळ पंप," ती म्हणाली आणि हसली.

खूप दिवसांनी चांगलं वाटलं. कारण शोधत बसलो नाही. गाडी चांगली झाली की वाटतंच.

६ मे

अग्निनक्षत्र सुरू झालंय, सकाळी आठलाच डोकं भाजतं. आज जे झालं ते सरळ लिहितो.

राजलक्ष्मीबाईंना मुलीच्या गाडीवर बसून देवळात जायचं होतं. मीच म्हटलं, बसा मामी, गाडीला काही होत नाही. नऊवारी सावरून त्या सीटवर बसल्या आणि मी पट्टरैच्या दारात हाताची घडी घालून ऐटीत उभा राहिलो.

गाडी आली. वळण उजवीकडे. वेग काही जास्त नव्हता. अर्ध्या वळणात मागचं उजवं चाक जमिनीवरून सुटलं. मी बघत होतो. चाक वर, आणखी वर, आणि बाई डावीकडे घरंगळून माझ्या पायांपाशी पडल्या. वजन उतरताच गाडी धप्पकन परत तिन्ही चाकांवर आली आणि लक्ष्मीप्रियाने ती थांबवली. तिला खरचटलंही नाही. पण तिला उतरता येत नव्हतं, कुबड्या घरी. आई रस्त्यावर पडलेली आणि ती सीटवर बसून ओरडतेय, "अम्मा! अम्मा!" तो आवाज अजून कानात आहे.

बाईंचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं. दवाखान्यात त्या मला म्हणाल्या, "तुझी चूक नव्हे रे, मीच नीट धरलं नाही."

धरलं होतं. माझ्या लोखंडी दांडीलाच धरलं होतं.

८ मे

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतंय.

पोतं पुन्हा सीटवर ठेवलं, पण मध्ये नाही. बाई बसल्या होत्या तिथे, डाव्या कडेला. रस्त्यावर कोणी नाहीसं बघून उजवीकडे वळलो. सायकलच्या वेगालाही उजवं चाक उचललं. डावीकडची स्प्रिंग आधीच अर्धी बसलेली, त्यात वळताना सगळं वजन डावीकडेच जातं. सळई बिचारी किती ओढणार?

बाई एका बाजूला बसल्या होत्या. दोन्ही पाय डावीकडे सोडून. अर्थातच. या गावात साडी नेसलेली कोणती बाई दोन्हीकडे पाय टाकून बसते? स्कूटरवर, मोपेडवर, सायकलच्या कॅरियरवर, सगळ्या अशाच बसतात. माझ्या आईला मी वीस वर्षं सायकलवर अशीच नेली. आणि गाडी तपासताना मी कोणाला बसवलं? पोत्याला आणि स्वतःला. पोत्याला पाय नाहीत आणि मी धोतर सोडून पँट घालतो.

इंजिनियरिंगची पुस्तकं न वाचल्यामुळे असली चूक होत नाही, ती होते बायका कशा बसतात हे रोज बघूनही न दिसल्यामुळे. मला माझाच राग आला. हातातला पाना भिंतीवर फेकला. गिलावा पडला, तोही आता मलाच करावा लागेल.

१५ मे

तिचा भाऊ आला, गिरीश. बंगळूरला कुठल्याशा नव्या कॉम्प्युटर कंपनीत आहे. आईचा हात बघून थेट पट्टरैवर. मला वाटलं मारतोय. पण तो शांत बोलला, ते जास्त लागलं.

"अण्णा, तुम्ही चांगल्या मनानं केलंत, मला माहीत आहे. पण पोदुम, पुरे जालं. दोघींना मी घेऊन जातों. घर मोठं आहे, लिफ्ट आहे, अक्कानं आता कशाला वणवण करायची?"

"नोकरी?"

"तिला नोकरीची गरज काय? मी आहे ना."

लक्ष्मीप्रिया गल्लीतून कुबड्यांवर त्याच्यामागून आली होती, धापा टाकत. ती म्हणाली, "गिरीश, तुझ्या लिफ्टमध्यें बसून मी कोठें जाऊं? वर आणि खाली?" आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा. ही वंडी सुरक्षित होते की नाही? होत नसली तर मी जातें बंगळूरला. खोटं सांगूं नका."

मी म्हटलं, शाळा उघडायच्या आधी सांगतो. गिरीश तोवर थांबायला तयार झाला, सुट्टी आहे त्याची.

सगळं डोक्यात फिरवून झालं. गाडी रुंद केली तर तिण्णैमधून जात नाही. सळई जाड केली तर कालव्याच्या काठच्या खड्ड्यांत दोन्ही चाकं एकदम उडतील. मी परवा जाऊन तो रस्ता बघून आलो, कालवा कोरडा आहे आणि रस्ता कालव्याहून वाईट. सीट खाली घ्यावी तर खाली इंजिन. तिची एकटीची जागा पुढे आणि खाली आहे, तिथे कितीही वळवा, चाक उचलत नाही. उंचावरचं मागचं वजन, तेही एका बाजूला, हाच रोग.

मी मागे बसलो तर काही होत नाही, तेही तपासून झालंय. पुरुष माणूस, दोन्हीकडे पाय, बरोबर मध्ये. सीट राहू द्यावी आणि तिला ताकीद द्यावी, माझ्याशिवाय कोणाला बसवू नकोस. हा मार्ग आहे. चार दिवस तो मार्ग मी मनात पुन्हा पुन्हा चालून बघतोय.

पण सीट असली की कोणीतरी बसणार. मला एखाद दिवशी ताप येणार. शाळेतली दुसरी बाई म्हणणार, टीचर, मला बसस्टॉपपर्यंत सोडता का? आणि ही नाही म्हणणार नाही, कारण उभ्या जन्मात कोणाला लिफ्ट द्यायची संधी तिला मिळालेली नाही. ती बाई साडी सावरून डावीकडे पाय सोडून बसेल. बाजूला कालवा, जूनमध्ये पाण्याने भरलेला.

मला ती सीट काढायची नाही. हे इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

२१ मे

काढली.

वेल्डिंग कापायला रामस्वामीला बोलावलं नाही, करवतीने स्वतःच कापलं. लोखंडी दांडी सर्वांत जास्त वेळ घेऊन गेली, फारच भक्कम केली होती. सीटच्या जागी उतरत्या झाकणाची पत्र्याची पेटी बसवली, डबा आणि पुस्तकांसाठी. झाकण मुद्दाम उतरतं, म्हणजे कोणी बसायला गेलं तर घसरेल. बाजूला कुबड्या अडकवायला दोन आकडे. गाडी थांबली तर आता तिला कोणाची वाट बघावी लागणार नाही.

ती आली. पेटीकडे बघत उभी राहिली.

"मग तुम्ही कोठें बसणार?"

"मला बसायचं काय कारण?" मी म्हटलं. "गाडी आता पूर्ण सुरक्षित आहे. मागे कोणी नको, हाच तर उपाय. मी सगळा विचार करून केलंय." आणि सीटचा दोष कसा सापडला, ते पोत्यापासून सगळं समजावून सांगितलं.

ती ऐकत होती. झाकणावर बोट फिरवलं, उतार बघितला. "फार विचार केलांत," म्हणाली. नंतर पदराने तोंड पुसलं, ऊन फार होतं. निघताना दारात थांबून म्हणाली, "उपकार जाले, अण्णा."

अण्णा! युगादीपासून ऐकला नव्हता हा शब्द. म्हणजे जो काही राग होता तो गेला. मनावरचं ओझं उतरलं. उतरायला हवं होतं. पण संध्याकाळी मेसमध्ये पानावर बसलो आणि भात तसाच ठेवून उठलो. उन्हाने असेल.

२ जून

गिरीशसमोर परीक्षा झाली. त्याने मोपेडवरून कालव्याच्या रस्त्यापर्यंत तिच्यामागे जाऊन बघितलं. खड्ड्यांत एक चाक खाली जात होतं, दुसरं आपल्या जागी. पुलापाशी समोरून बैलगाडी आली, ती घाबरली नाही. परत आल्यावर त्याने माझा हात हातात घेतला. "अण्णा, अक्काला मी इतकी खूश कधी पाहिली नव्हती." मग हळूच, "आईला मात्र मी नेतों. हात बरा होईपर्यंत."

म्हणजे ती आता घरात एकटी राहणार. विचारलं तर म्हणाली, एकटीनं राहायचं मला भय नाही, दुसऱ्यांनी उचलून ठेवण्याचं होतं.

शेवटचा धडा दिला. पुढे एकच चाक आहे हे विसरायचं नाही. वळणात ब्रेक दाबला तर सगळं वजन त्या एका चाकाकडे तिरकं जातं आणि गाडी बाहेरच्या कोपऱ्यावर आडवी होते. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा. एकदा वळायला लागलं की थांबायचं नाही, कोणी हाक मारली तरी बघायचं नाही, हात सोडायचा नाही. तिने तीनदा म्हणून दाखवलं, शाळेतल्या मुलांसारखं.

पहिल्या दिवशी मी मोपेडवर मागून येऊ का, असं विचारणार होतो. विचारलं नाही. माझाच माझ्या गाडीवर विश्वास नाही, असा अर्थ झाला असता.

७ जून

शाळा उघडली.

सकाळी ती गेली तेव्हा मी मुद्दाम आत होतो. आवाजावरून कळलं, वळण चांगलं घेतलं. दिवसभर एक पंप उघडला, तोच पुन्हा बंद केला. रामस्वामीने विचारलं, अण्णा, बरं नाही का? बरं आहे म्हटलं. त्याच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं. रस्ता, खड्डे, कालवा, बैलगाड्या, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. दुपारी वाटलं जाऊन बघावं, पण जाऊन काय सांगणार? पापनाशमला पंप बघायला आलो?

शाळा सुटायच्या सुमाराला मेसमधून दोन कॉफ्या आणवल्या. पहिला दिवस, ती थांबणार, सांगण्यासारखं पुष्कळ असणार. वर्ग कसा आहे, मुलं काय म्हणाली, गाडी बघायला गाव जमलं का. स्टूल पुसून दाराशी ठेवलं. नंतर आठवलं, तिला उतरायचं कशाला, गाडीवरच बसून पिईल. स्टूल आत नेलं.

आवाज लांबूनच ओळखला. मी दारात आलो. गल्लीच्या टोकाला ती दिसली. निळी साडी, डोक्यावरून पदर, चेहरा उन्हाने लाल आणि इतका उजळ की मी तसा कधी बघितला नव्हता. पेटीवर कोणीतरी जास्वंदीची फांदी खोचली होती.

माझ्यापासून थोड्या अंतरावर तिने वेग कमी केला. मी पेले उचलले आणि एक पाऊल पुढे झालो.

वेग वळणासाठी कमी केला होता. हँडल फिरलं, आतलं चाक जमिनीला धरून, बाहेरचं जेवढं दबायला हवं तेवढंच दबलं. तिने ब्रेक लावला नाही. हात सोडला नाही. मान वळवली नाही. माझ्यासमोरून, हात लावता येईल इतक्या जवळून, ती गेली आणि पुढे सरळ झाली. जसं शिकवलं होतं अगदी तसं.

मी हाक मारली नाही. बरोबर वळणात होती.

आवाज त्यांच्या दाराशी जाऊन दोन तिण्णैंच्या मधून आत गेला आणि बंद झाला. थोडा वेळ उभा राहिलो. कदाचित परत येईल, पण पुन्हा गाडी काढायची म्हणजे तिला केवढा खटाटोप, आणि दमलीही असेल. मीही जाऊ शकलो असतो. चार घरं सोडून तर आहे. तिथे आता बाई नाहीत, ती एकटी, आणि गाडीत काही बिघाड नाही. काय निमित्त सांगून जाणार?

दोन्ही कॉफ्या मीच प्यायलो. तिची बिनसाखरेची असते. मला तशी आवडत नाही, तरी प्यायलो.